मडगावचा निरोप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. देवापुढं हात जोडतानाही नाही — तिथं तर मी नजर चुकवूनच उभी राहते. तुम्हाला सांगते. का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मडगाव म्हणजे आम्हाला परमुलूख. कॅसलरॉकच्या पुढं गाडी गेली की इंग्रजांचं राज्य संपतं आणि पोर्तुगीजांचं सुरू होतं. त्यांचे शिपाई गाठोडी सोडून बघतात. आम्ही शहापूरचे विणकर. आमची लुगडी मडगावला दत्तारामबाबांच्या दुकानात जायची. त्यांचे आजोबा आमच्यातलेच, शहापूर सोडून तिकडं गेलेले. बायको वारल्यापासून बाब — तिकडं मानानं असंच म्हणतात — एकटेच राहायचे. माल न्यायला आले की म्हणायचे, एकदा सगळीच या की. आणि एका साली आम्ही खरंच गेलो — माझे मालक, मी, आमची दोन लहान पोरं आणि आक्का.

आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोवर विधवा झाली आणि माझ्याकडं आली. आली म्हणजे — मीच आणली. तिचं दुःख बघवेना म्हणून आणली, असं मी सगळ्यांना सांगायची. ते खोटं नव्हतं. पण पहाटे उठून चूल पेटवायची ती. मागासाठी सुताच्या कांड्या भरायची ती. माझ्या पोरांना न्हाऊ-माखू घालायची ती. धाकटा पडला, रडला, तर माझ्याकडं नाही, तिच्याकडं धावायचा.

त्या दिवसाचं काय सांगू! सकाळी दत्तारामबाबांनी आम्हाला पांढरंशुभ्र चर्च दाखवलं, मग गाडी करून कोलव्याला नेलं. आम्ही कुणीच समुद्र पाहिला नव्हता. लाट आली की मी पोरांना घेऊन मागं पळायची. आक्का मात्र गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली आणि हसायला लागली — मोठ्यानं, परकरातल्या पोरीसारखी. तिचं तसं हसणं मी विसरूनच गेले होते.

दुपारी फुटबॉलचा सामना. आम्हाला कुस्ती ठाऊक. एवढी माणसं एका चेंडूमागं का धावतात ते कळेना. आक्का विचारतच राहिली — तो एकटाच खांबांमध्ये उभा का? हातानं चेंडू धरायची मुभा त्यालाच का? बाब न कंटाळता सांगत होते. गोल झाला तशी आक्का उठून ओरडली, "घातला! आत घातला!" माणसं वळून बघायला लागली. मी तिचा पदर ओढला. बाब मात्र तिच्याकडं बघत होते, आणि — मी काही आंधळी नव्हते.

संध्याकाळी नाटक. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. मध्यंतरात बाबांनी मला दाराशी बोलावून घेतलं. हातात पोरांसाठी शेंगदाण्याची पुडी होती, तिच्याकडंच बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आक्कांना विचाराल? माझ्याशी पाट लावायची त्यांची मर्जी आहे का? त्यांना मनातनं पटलं तरच मी तुमच्या मालकांशी बोलेन. नाहीतर हा विषय इथंच संपला."

लोक काय म्हणतील या भीतीनं मी गप्प बसले, असं मी म्हणू शकते. पण आमच्यात विधवेचा पाट लागतो. कुणी नावं ठेवली नसती. मग कसली भीती? सांगते ना — मी आत जाऊन आक्काशेजारी बसले, आणि आक्कावाचून माझं घर कसं असेल ते मला दिसलं. चूल माझी. कांड्या माझ्या. रडणारं पोर माझं.

आक्का पडदा कधी वर जातोय म्हणून वाट बघत होती. "आता फुडं काय हुईल गं?" तिनं विचारलं.

"मला काय ठावं?" मी म्हटलं.

नाटक सुटल्यावर मी बाबांना सांगितलं, "आक्का न्हाय म्हणाली."

त्यांनी मान हलवली. परत विचारलं नाही. गाडीवर पोचवायला आले तेव्हा पोरांशीच काय ते बोलले.

दोनेक वर्षं गेली. माल न्यायला बाब स्वतः येईनात, माणूस पाठवायचे. आक्का पोरांना समुद्राच्या गोष्टी सांगायची आणि मी काहीतरी काम काढून तिला उठवायची. मग एका दुपारी, आम्ही जेवायला बसलेलो, आणि आक्कानं वाढता वाढता माझ्या मालकांना विचारलं, "भावजी, मडगावच्या बाबांनी दुसरं लगीन केलं व्हय? केलं नसंल तर इचारून बघा. माझी मर्जी हाय."

मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिले.

निरोप गेला आणि बाब लगेच आले. सोप्यात बसले. आक्का पाणी घेऊन गेली, मी दाराआड. त्यांनी तांब्या घेतला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "त्या वेळी तर तुम्ही नको म्हणाला होता?"

आक्का थबकली. तिनं मान वळवून दाराकडं बघितलं — माझ्याकडं. तिला सगळं कळलं. कळलेलं मी तिच्या तोंडावर बघितलं. मग ती बाबांकडं वळली.

"तवा मन न्हवतं," म्हणाली. "आता हाय."

पाट लागला. आक्का मडगावला गेली. तिला मुलगी झाली. गिऱ्हाईकांपुढं लुगडी उलगडायला ती स्वतः दुकानात बसायला लागली, कोंकणीत घासाघीस करायला शिकली. दर उन्हाळ्यात माझ्या पोरांना बोलावून घेते आणि मला बघितलं की गळ्यात पडते. माझं घर? ते काही कोसळलं नाही. चूल पेटते, माग चालतात.

दारातल्या त्या नजरेबद्दल ती कधी बोलली नाही. मी बोलायला हवं होतं. कितीदा तोंड उघडलं — आणि लोणच्याच्या, पावसाच्या, पोरांच्या शाळेच्या गोष्टी केल्या. बाब अजून पाहुण्यांपुढं थट्टा करतात, "आमच्या हिनं आधी मला नाकारलं होतं बरं का!" सगळे हसतात. आक्काही हसते. मीही हसते.

तिनं नाकारलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.