डोळ्यांची रिकामी जागा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते खारेपाटणच्या हायस्कूलमधल्या आमच्या चित्रकलेच्या बाईंचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेले नव्हते. दहावीनंतर वडील मला मुंबईला काकांच्या खानावळीत पाठवणार होते. बाई बसने वैभववाडीपर्यंत आल्या, तिथून चालत आमच्या वाडीत आल्या, ओट्यावर बसल्या आणि कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांची सही होईपर्यंत उठल्या नाहीत. आईने चहा पुढे केला तर म्हणाल्या, "सही झाल्यावर घेते."

बाईंचे सासर मालवणचे. यजमान मालवाहू जहाजावर नोकरीला होते. मी पाचवीत असताना ते जहाज बेपत्ता झाले. जहाज सापडले नाही आणि माणसेही नाहीत. बाईंनी कुंकू पुसले नाही. कोणी काही सुचवले तर त्या खडू उचलून फळ्याकडे वळत, असे आम्ही मुलांनीसुद्धा पाहिले आहे.

बी.ए. झाल्यावर मला मालवणात एका स्क्रीन प्रिंटिंगच्या स्टुडिओत काम मिळाले. ऐंशीचे दशक अर्धे सरले होते. लग्नपत्रिका, कोकम सरबताची लेबले, जत्रेची पोस्टरे अशी कामे असत. छपाई मालक करीत, आर्टवर्क माझ्याकडे. चित्रात जितके रंग, तितके ट्रेसिंगचे कागद. प्रत्येक कागदावर त्या एकाच रंगाचा भाग, पण काढायचा काळ्या शाईने. चारही कोपऱ्यांत फुल्या, म्हणजे रंग एकमेकांवर बरोबर बसतात. मग कोटिंग लावलेल्या जाळीच्या चौकटीवर तो कागद ठेवायचा, वर काच, आणि काही मिनिटे उन्हात. ऊन लागेल तिथले कोटिंग घट्ट होते. काळ्या रेघेखालचे कच्चे राहते आणि पाण्याने धुतले की निघून जाते. तेवढ्याच जागेतून पुढे शाई उतरते.

मालकांचे घराणे गणपती करणाऱ्यांचे. मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी, हा तिथला नेम त्यांनी स्टुडिओतही आणला होता. आमच्या कामात काळ्या रंगाचा कागद आधी काढावा लागतो, कारण बाकीचे रंग त्याच्या रेघांवर बेततात. पण देवाचे किंवा माणसाचे चित्र असेल तर त्या कागदावर डोळ्यांची जागा कोरी ठेवायची. बाकीचे सगळे झाले की मग डोळे भरायचे. सुरुवातीला मी एकदा दत्ताचे डोळे आधीच भरले, तेव्हा ते ओरडले, "अंग झाला नाय, आणि डोळे कित्याक? बघतलो कोणाक तो? बीए झालंस, पण येवडा समाजना नाय!"

मी हसलो होतो.

एका सकाळी बाईंचे धाकटे दीर स्टुडिओत आले. मी त्यांना ओळखत होतो. त्यांनी थोरल्या भावाचा एक लहान काळा-पांढरा फोटो काउंटरवर ठेवला. जहाजाच्या डेकवर उभा असलेला माणूस, अंगात निळा सदरा असल्याचे त्यांनी सांगितले, डोक्यावर टोपी. टोपीची सावली नाकाच्या निम्म्यापर्यंत उतरलेली. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहायची आणि मग पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही आमच्याकडची रीत. बारा वर्षे पुरी झाली होती. भटजींनी सोमवार काढून दिला होता. त्या दिवशी भावकीत वाटायला रंगीत फोटो हवे होते.

मी विचारले, "बाईंना माहीत आहे?"

"वयनीक सगळा ठावक आसा," ते म्हणाले. "टोपयेखालचे डोळे दिसत नाय ना? माझेच बघून काढ. भाव ते भाव, सारकेच आसतले."

चार रंग ठरले. त्वचेचा, निळा, सावलीचा तपकिरी आणि काळा. पहिले तीन मालकांनी छापले. काळ्याशिवायचा तो चेहरा धुक्यातून कोणीतरी चालत यावे तसा दिसत होता. काळा कागद तयार होता, फक्त डोळे राहिले होते. दिरांचे डोळे पाहून मी दुसऱ्या कागदावर चार वेळा काढून पाहिले. चारही वेळा ते दिरांचेच झाले. मला वाटले, ज्यांचा माणूस त्यांनाच विचारावे. रविवारी सकाळी तीन रंगांची एक प्रत घेऊन मी खारेपाटणची गाडी पकडली. सोमवारला अजून आठ दिवस होते.

बाई अंगणात वह्या तपासत होत्या. "ये. आधी हात धू, नखांत शाई आहे," म्हणाल्या. मी प्रत उलगडली. त्यांनी ती हातात धरली आणि उजेडाकडे वळवली. मग वर्गात बोलत तशाच आवाजात म्हणाल्या, "नाक थोडं लांब झालंय. जबडा बरा आलाय. पण हे कशासाठी?"

"सोमवारच्या कार्यासाठी."

"कसलं कार्य? भाऊजींचं कार्ड आलंय, घरी कार्य आहे, या. मी म्हटलं सत्यनारायण असेल."

दिरांनी त्यांना काहीच कळवले नव्हते. मी सांगितले. न सांगून चालणार नव्हते. त्यांनी वहीवरचा तांबडा पेन बंद केला.

"म्हणजे मला पाटावर बसवतील आणि बायका पुढे येतील," त्या म्हणाल्या. त्यांचा हात कपाळाकडे गेला नाही, पण मी तिकडे पाहिले, आणि मी पाहिले हे त्यांना दिसले. "वाट बघणं सोडायचं तर ते मी सोडीन. त्यांनी तारीख काढून नाही."

मी खाली बघत विचारले, "बाई, डोळे कसे होते?"

प्रत पुन्हा समोर धरून त्या म्हणाल्या, "तेच बघतेय मी मघापासून. आवाज आठवतो. चालणं आठवतं. डोळे नाही आठवत रे." आणि मग, "तू घालू नकोस."

मी परत येऊन मालकांना सगळे सांगितले. ते विड्याचे पान पुसत बसले. काम घेतलेले होते, दीर रोज खेप घालत होते. शेवटी त्यांनी तोड काढली. डोळे भरायचेच नाहीत. फोटोत सावली आहे तर चित्रातही सावलीच राहू दे. तपकिरी रंग तिथे होताच.

तशी काळ्या कागदावर डोळ्यांची जागा कोरीच ठेवून मी तो चौकटीवर लावला. काच मीच पुसली. बाराच्या उन्हात चौकट अंगणात ठेवली, उचलली आणि हौदावर धुतली. टोपीची कड उघडली, कान, ओठ, सदऱ्याची बटणे. मालकांनी चौकट आभाळाकडे धरली आणि त्यांचे हात तसेच राहिले.

"डोळे तू काढलंस?"

"नाय, मी काढूक नाय."

"मगे कोणी काढल्यान?"

जाळीत दोन जागा उघडल्या होत्या. प्रत्येक जागी पापणीची रेघ आणि खाली बुबुळ. मी ट्रेसिंग उजेडात धरले. तिथे कोरे होते. कोटिंग पातळ लागले असेल, काचेवर डाग राहिला असेल, ऊन कमी पडले असेल, असे मी एकामागून एक म्हणत गेलो. मालकांनी चौकट टेबलावर बसवली, शाई ओढली आणि एकच प्रत छापली.

ते डोळे दिरांसारखे नव्हते. ते आमच्याकडे बघत नव्हते. ओट्यावर बसलेल्या माणसाशी आपण उभ्याने बोलतो तेव्हा नजर जशी जरा खाली असते, तशी ती होती. बाकीची काळी शाई तासाभरात वाळली. डोळ्यांतली संध्याकाळी खारेपाटणची गाडी सुटायच्या वेळेपर्यंत बोटाला लागत होती.

मालकांनी चौकटीवरचे कोटिंग कॉस्टिक सोड्याने धुऊन काढले. चहाच्या वेळी दीर आले तेव्हा ते म्हणाले, "ह्या काम आमच्यान होवचा नाय."

"आता? सोमवार तोंडार इलो!"

"आर्टवर्क घेवन जावा. कोल्हापुरात छापून घेवा."

दीर माझ्याकडे वळले. "दी रे."

मी तीन कागद गुंडाळून दिले. त्यांनी मोजले. "चौथो खंय?"

"पाण्यात भिजला," मी म्हणालो. मालक दुसरीकडे बघत होते. दीर म्हणाले, "शिकलेली माणसा! एक कागद सांभाळूचो नाय," आणि पायऱ्या उतरून गेले. काळा कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली होता.

त्याच दिवशी लिहिलेले हे पत्र.

*

बाई, साष्टांग नमस्कार.

सोबतची गुंडाळी म्हणजे काळ्या रंगाचा कागद आहे. त्याच्याशिवाय बाकीच्या तीन कागदांतून चेहरा होत नाही. तुमच्या दिरांना मी तो भिजला असे खोटे सांगितले आहे. त्यांना तो द्यायचा, ठेवायचा की जाळायचा, हे तुम्ही ठरवा. सोमवारी यायचे की नाही, तेही तुम्हीच ठरवा. मी त्यात बोलणारा कोण?

एक गोष्ट तुमच्यापासून लपवणे बरे नाही. एक प्रत छापली गेली आहे. तिच्यात डोळे आहेत. ते मी काढलेले नाहीत आणि मालकांनीही नाहीत. दोष कोटिंगचा असेल. मी ती प्रत कोणाला दाखवलेली नाही.

तुम्ही ती पाहिलीत तर डोळे ओळखू येतील, किंवा येणार नाहीत. या दोहोंपैकी तुम्हाला काय सोसेल हे मला कळत नाही. म्हणून न विचारता ती पाठवत नाही. आण, एवढेच लिहिलेत तर पहिल्या गाडीने घेऊन येईन. उत्तर आले नाही तर ती माझ्याजवळ राहील आणि मी पुन्हा कधी विचारणार नाही.

तुमचा विद्यार्थी