पोर्टलवर झालेला माझा बूस्टर

सुई टोचण्यात माझा हात हलका आहे, जीभ तेवढी नाही. भिवंडीतल्या आमच्या लसीकरण केंद्रावर सुईला घाबरणाऱ्या भल्याभल्यांची मी खरडपट्टी काढली आहे. कोरोनाच्या तिसऱ्या लाटेच्या तोंडावर आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी बूस्टर आला, तेव्हा मात्र मीच कच खाल्ली.

आमची एक पद्धत पडून गेली होती. दुपारनंतर पोर्टलचा सर्व्हर हँग व्हायचा, म्हणून स्टाफच्या डोस घेतल्याच्या नोंदी सकाळीच उरकायच्या आणि सुई संध्याकाळी, उघडलेल्या कुपीत जे उरेल त्यातून घ्यायची. त्या दिवशी माझीही नोंद सकाळीच झाली. लस घेतल्याबद्दल अभिनंदनाचा मेसेजसुद्धा आला. संध्याकाळी सगळे गेल्यावर कुपीत शेवटचा डोस होता, तेवढ्यात दिघाशी गावची एक बाई दुसऱ्या डोससाठी धापा टाकत आली. मी तो तिला देऊन टाकला. त्यागबिग काही नव्हता तो. मला हायसं वाटलं होतं. मागच्या डोसला दोन दिवस तापाने फणफणले होते आणि दुसऱ्या दिवशी पुतणीची हळद होती. आमच्यात हळद लग्नाहून मोठी; तिथे काकी गोधडीत पडून कसं चालेल? नंतर घेऊ म्हटलं, आणि पोर्टलवर तर झालेलाच होता, म्हणून कुणी विचारलंही नाही.

विचारलं ते फक्त मावशीने. मावशी म्हणजे आमच्या केंद्रावरची आया, खारबावची, साखरेची पेशंट. तिने दुसरा डोस घाबरत घाबरत उशिरा घेतलेला, त्यामुळे बूस्टरला अजून अवकाश होता. त्या दिवसांत तिने आपला एक नियम केला होता: ज्याचा बूस्टर झालाय त्याच्याच सोबत जेवायचं. नाहीतर डबा घेऊन एकटी मागच्या ओट्यावर बसायची. हळदीनंतर तीन दिवसांनी तिने भाकरी आणि सुकट पुढे ठेवून मला विचारलं, "बाई, तुमचा झाला ना बूस्टर?"

"झाला," मी म्हटलं.

माझा घसा तेव्हा खवखवत होता. रात्रभर हळदीची गाणी ओरडून म्हटल्यावर खवखवणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन दिवसांनी मी पॉझिटिव्ह आले, पाठोपाठ मावशी. माझं सर्दीवर भागलं. तिला आठ दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

आमच्या डॉक्टरांना मी एकदा आडून विचारलं. ते म्हणाले, बूस्टर जिवावरचं दुखणं टाळतो, लागण दर वेळी टाळेलच असं नाही. आपल्याकडे घेतलेल्यांनाही कोरोना झालाच की. म्हणजे मी घेतला असता तरी कदाचित मला झाला असता, तिलाही झाला असता. या कदाचितवर मी पुष्कळ दिवस काढले. पण ती माझ्याशेजारी बसली ती बूस्टरच्या भरवशावर नव्हे, माझ्या शब्दाच्या भरवशावर. तिथे कदाचित नाही.

मावशी वाचली, पण पहिल्यासारखी झाली नाही. स्टेशनचा जिना चढवेना म्हणून तिने काम सोडलं. मी दोनदा तिच्या घरी गेले, सगळं सांगायचं ठरवून. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले. वर तीच मला म्हणाली, "तुमी बूस्टर घेतलेला म्हनून तुमचं सर्दीवर गेलं, बाई."

परवा ती नातसुनेला घेऊन आली, पोर पोटुशी, तिला धनुर्वाताची सुई द्यायची होती. पोरगी हात पुढे करेना. मावशी बाकावर दम खात बसली होती. तिथूनच म्हणाली, "घे गो. ही बाई कुनाला खोटं न्हाय सांगत."

पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, दुखेल का?

"दुखेल," मी म्हटलं. मावशीकडे बघायचा धीर मला झाला नाही.