हूव्हरची ताटली

"माझ्या सासूच्या पोटात त्या हूव्हरनं उपाशी लोकांना पाठवलेलं पीठ गेलंय, वेंडेल. तिकडं बेल्जियममध्ये, लढाईच्या दिवसांत."

"आणि तो राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, मंदीत, बाबांचं शेत त्याच्याच राज्यात गेलं, लोरेना."

"शेत बँकेनं नेलं. हूव्हर काय दावणीची गाय सोडायला आला होता?"

चर्चच्या तळघरात बटाटे सोलता सोलता बहीणभावाचं हे भांडण मी ऐकलं. त्या दिवसापासून लोरेना आमच्या जेवणाला यायची बंद झाली.

जेवण म्हणजे फेब्रुवारीतलं, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावानं सुट्टी असते त्या दिवसाचं. वेंडेल शाळेची बस चालवायचा. त्याच्याकडं एकेका राष्ट्राध्यक्षाच्या चित्राच्या ताटल्या होत्या. त्या तो लांब टेबलावर मांडायचा, सगळ्यात चांगला त्या टोकाला, सगळ्यात वाईट या टोकाला. मी आठवीत शाळा सोडलेली. मला ही सगळी नावं त्या ताटल्यांतून जेवूनच कळली. पहिला लिंकन, तो पाद्रीबाबांपुढं. शेवटच्या ताटलीत जो जेवेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची.

लोक मस्का लावायचे. "ट्रूमनला जरा वर सरकव, तुला केकचा मोठा तुकडा देते," असं मीच म्हणायची.

"एडना, केक खाऊन मत बदलायला मी काय पुढारी आहे?"

पाद्रीबाबा म्हणायचे, शेवटची जागा ब्यूकॅननची, त्याच्या डोळ्यांदेखत देश फुटला. वेंडेल म्हणायचा, "ब्यूकॅननच्या वेळी देश फुटला, मान्य. हूव्हरच्या वेळी माझा बाप मोडला. तो मी पाहिलाय." हूव्हर शेवटी तो शेवटीच. पण त्या ताटलीवर त्यानं दुसऱ्या कुणाला कधी बसू दिलं नाही. स्वतः जेवायचा, बाह्या सारून ढीगभर भांडी घासायचा आणि तीच ताटली पुसून, हॅम-बटाटे वाढून, लोरेनाच्या दारात न्यायचा. दरवर्षी.

लोरेना माझी शेजारीण. वय झालं तरी मनातून ती वाट बघायची. त्या दिवशी दुपारपासून तिच्या खिडकीचा पडदा हलत असायचा.

शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी वेंडेलला थंडीत बाहेर पडायला मनाई केली होती. मी म्हटलं, "दे इकडं, मी नेते. माझ्या वाटेवरच आहे."

"तू नेलीस तर ती जेवेल गं. पण भांडेल कुणाशी?"

मग मी नुसती बरोबर गेले. पायरीवरचा बर्फ बुटानं खरवडत, धापा टाकत तो वर चढला. दार लगेच उघडलं.

"कितवा लावलास?"

"शेवटचा."

"मग ने परत."

"हॅम आहे. कडेचा, करपलेला."

"आण इकडं. आणि आत ये, कान लाल झालेत तुझे."

"गाडी चालू ठेवलीय."

लोरेनानं ताटली दोन्ही हातांनी धरली. "पुढच्या वर्षी मी येईन म्हणते. पण त्याला निदान ब्यूकॅननच्या वर घे."

वेंडेल पायरी उतरायला वळला. "बघू," म्हणाला. "ताटली घासून ठेव. सकाळी नेतो."