मल्लव्वासाठी टेकू

रुद्राप्पाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते १९९६ साली. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची येझदी उभी होती आणि मागच्या सीटवर जोंधळ्याचं पोतं बसलं होतं. बसलं होतं असंच म्हणायला हवं. कारण पोत्याच्या पाठीला टेकू होता, दोन्ही बाजूंना हात धरायला दांड्या होत्या आणि खाली पाय ठेवायला फळीसुद्धा. रुद्राप्पा पोत्याच्या पोटाला पट्टा आवळत होता.

चहाच्या गाड्यावरून केरबा म्हणाला, "पावणीला कुठं न्हेतोयस रं?"

"जोतिबाला."

"मग गुलाल लाव की जरा."

"परतताना लावतो," रुद्राप्पा न हसता म्हणाला आणि त्यानं किक मारली.

तो उद्यमनगरात एका फौंड्रीत वेल्डर होता. संध्याकाळी घरापुढच्या कट्ट्यावर त्याचं दुसरं काम चाले. मोटरसायकलवरून लांब फिरायला जाणाऱ्या पोरांना लागेल ते तो भंगारातून करून द्यायचा. दुधाच्या किटलीच्या आकड्यांवर बॅगा अडकायच्या, छत्रीच्या दांड्याचा टॉर्च धरणारा हात व्हायचा. पुढं मोबाइल आले तेव्हा साबणाची डबी कापून त्यानं हँडलवर मोबाइलला जागा केली. माझ्या लुनाला वह्यांच्या पिशवीसाठी आकडा हवा होता, म्हणून मी त्याच्याकडे गेले आणि मग जात राहिले.

त्याचा एक नियम होता. गाडीला भोक पाडायचं नाही. सगळं लोखंडी पट्ट्यांनी आवळायचं आणि पट्टीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर घालायचं.

"खंडेनवमीला पूजा घेतलेली गाडी हाय बाई," तो म्हणायचा, "तिच्या अंगाला भोक पाडत न्हाईत."

लेहला, गोव्याला जाऊन आलेल्या पोरांना त्याची ताकीद असे, गाडी धुवायच्या आधी माझ्याकडं या. चिखलाखाली पट्टी कुठं घासली, रबर कुठं कापलं, ते तो बोटानं चाचपून बघायचा. शेवटी प्रत्येकाला एकच विचारायचा, "श्रीशैलकडचा रस्ता कुणी बघितलाय का?"

श्रीशैलला जायचं होतं ते त्याच्या बायकोला, मल्लव्वाला. ती चिकोडीकडची. आईनं नवस बोलून तिचं नाव मल्लिकार्जुनावरून ठेवलं होतं, पण नवस फेडायला कुणी गेलंच नाही. मी तिला ओळखायला लागले तोवर तिच्या पायातलं बळ जाऊ लागलं होतं. स्नायूंचा आजार होता. डॉक्टरांनी औषध नाही असं सरळ सांगितलं होतं. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती आणि बंद जीपमध्ये बसलं की गावाची वेस ओलांडायच्या आत ती ओकायला लागायची. राहिली मोटरसायकल. पोतं मल्लव्वाच्या वजनाचं असायचं. ते जोतिबाच्या घाटातून नीट गेलं आणि आलं, तर मग तिला बसवायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

ते नीट कधी आलं नाही. चढावर सगळं वजन मागं जायचं, पट्टी रबरावरून घसरायची आणि टेकू कलायचा. जास्त आवळलं की रबर तुटायचं. "दिवाळी झाली की जाऊ," असं म्हणत पावसाळे गेले. तेवढ्यात मल्लव्वाच्या बोटांना दांडी धरवेना. त्यानं दांड्यांना मनगटाचे पट्टे केले. ते होईतो खांदा पडला. त्यानं टेकू रुंद केला. वस्तू तयार व्हायची तेव्हा ती जिच्यासाठी केली ती मल्लव्वा उरलेली नसायची.

त्यांची मुलगी वर्षाराणी उचगावात दिलेली. ती एकदा वैतागून म्हणाली, "आप्पा, आरपार बोल्ट घाला की. लोकांची गाडी हाय व्हय? आपलीच हाय."

बोलली मल्लव्वा, पलंगावरून. कानडी बायका नवऱ्याला म्हणतात तसं ती त्याला 'री' म्हणायची. "री, ऐकू नका तिचं. देवाच्या वाटंला भोकाची गाडी न्यायची व्हय?"

दोघांचं यावर एकमत होतं. तसं त्यांचं फारशा गोष्टींवर नसायचं.

२००५ च्या दसऱ्यानंतर मी तिळाची चटणी घेऊन गेले होते. मल्लव्वाला उचलून बसवावं लागत होतं. ती म्हणाली, "री, भोक पाडा."

"परवाच पूजा झालीया."

"म्हणून तर म्हणते. फुडची मला दिसंल का न्हाई."

तो येझदीजवळ गेला. चेसिसच्या नळीवर विभूतीची तीन बोटं होती. ती त्यानं अंगठ्यानं पुसून घेतली, कपाळाला लावली आणि ड्रिल आणायला गेला.

बोल्ट घातलेला टेकू जोतिबाच्या घाटात जराही हलला नाही.

ते निघाले त्या सकाळी आम्ही गल्लीतल्या बायका पोचवायला उभ्या होतो. पाण्याची बाटली, छत्री, औषधांचा डबा, सगळं आपापल्या पकडीत बसलं होतं. पहिला मुक्काम चिकोडीला, तिच्या माहेरी होता. मल्लव्वानं इरकल नेसलं होतं आणि ती केरबाला म्हणाली, "पोत्याला किती हसलास. आता बघ."

पोत्याला मान नसते. उचगावजवळ रुद्राप्पानं आरशात बघितलं तर मल्लव्वाची मान छातीवर पडली होती आणि तिला ती उचलता येत नव्हती. त्यानं गाडी थांबवली, डोक्यावरचा टॉवेल सोडून तिचं कपाळ टेकूला बांधलं. चार पावलं गाडी चालली असेल, तिला श्वास घ्यायला जड जाऊ लागलं.

"बास आता," ती म्हणाली.

त्यानं तिला वर्षाराणीच्या घरी नेलं. पुढं तिला तिथून हलवता आलं नाही. त्यानं मानेसाठीही टेकू केला, कापूस भरून, मऊ. मी तो बघितलाय, चांगला होता. पण तोवर तिला बसवणंच बंद झालं होतं. २००८ च्या उन्हाळ्यात ती त्याच घरात गेली.

दिवस झाल्यावर मी रुद्राप्पाला म्हटलं, "तुम्ही तरी एकदा श्रीशैलला जाऊन या."

"मला कुठं जायाचं हुतं बाई," तो म्हणाला.

पुन्हा त्यानं कुणाच्या गाडीचं काम घेतलं नाही. पोरं वर्षभर येत राहिली, मग थांबली. रुद्राप्पा आता उचगावात लेकीकडेच असतो. सकाळी गावातल्या दूध संस्थेत फॅट तपासायला बसतो.