फळ्यावरचं माझं वाक्य

कोल्हापुरातल्या इंग्रजीच्या क्लासात सरांनी भीतीवर वाक्य लिहायला सांगितलं. मी फळ्यावर लिहिलं, ‘माय ब्रदर फ्रायटन्स मी.’ भाऊ मला घाबरवतो.

सर हसले. “ताई, क्रियापद चुकलं. भाऊ बहिणीची काळजी करतो. ‘वरीज अबाउट मी’ पाहिजे.” माझं वाक्य पुसून त्यांनी त्यांचं लिहिलं. वर्गही हसला.

माझं डोकंच फिरलं. शेतातला माझा वाटा मी सोडत नाही म्हणून भाऊ तेव्हा रोज दारात येऊन कोयता दाखवायचा. मी उठले, तळहातानं सरांचं वाक्य पुसलं आणि माझं पुन्हा लिहिलं.

“ह्यात व्याकरण चुकलंय काय, सर?”

“न्हाय.”

“मग पुसलं कशाला?”

आठवलं की अजून संताप होतो.