नापास झालेलं पुस्तक

परीक्षा पुस्तकाची होती, मुलांची नव्हे. हे मी वर्गाला बजावलं, पालकांना सांगितलं आणि स्वतःला तर घोकूनच ठेवलं.

आठवीच्या नव्या गणिताच्या पुस्तकाची भाषा मुलांना झेपते का, हे तपासायला आमच्या नारपोलीच्या शाळेत पाठ्यपुस्तक मंडळाच्या एक मॅडम येणार होत्या. काम चांगलंच होतं. पण आदल्या दिवशी एका मुलीचे वडील कापडाच्या लूमवरून थेट शाळेत आले होते. पोरगी आकडेमोडीत तरबेज, पण वाचताना अडखळणारी. आई राहनाळच्या गोदामात पॅकिंगला.

"नीट वाचलं तर ठीक हाय बाई. न्हाय जमलं तर आईसंगं गोदामात जाईल."

"अहो, परीक्षा पुस्तकाची आहे!"

"पुस्तक कवा नापास होतं का?"

 मी घाबरलेच.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद वाटले. शाब्दिक उदाहरणं होती, ओळीओळीतला एखादा शब्द गाळलेला. मुलांना तो अंदाजानं भरता आला, तर भाषा सोपी. "रिकाम्या जागा भरा," एवढंच त्या म्हणाल्या. मला तोंड उघडायला बंदी. बाकांमधून फिरताना त्या मुलीपाशी आले आणि तिच्या कागदात डोकावले. 'दुकानदाराने उरलेले कापड' याच्यापुढच्या रिकाम्या जागेत तिने लिहिलं होतं, १२. खाली सगळे आकडेच. तिला कशी रागावू? गणिताच्या तासाला रिकामी जागा म्हणजे आकडा, हे माझंच शिकवणं.

कागद गोळा झाल्यावर मी मॅडमना ते सांगून टाकलं. त्या हसल्या. "मग आमची सूचनाच कठीण! आणि ज्यांनी शब्द लिहिलेत, तेही चुकलेत. ही पानं बदलावी लागतील."

मला इतकं हायसं वाटलं, की मी जवळजवळ धावतच फाटकाशी गेले. वडील पोरीचा हात धरून उभे होते.

"नापास झालं! पुस्तकच नापास झालं!"

"म्हंजे हिला न्हाय जमलं."

"कठीण आहे हो ते. बदलणार आहेत."

"कवा?"

"दोनेक वर्षं तरी लागतील." बोलून गेले आणि जीभ चावली.

ते रागावले नाहीत. उलट अगदी समजुतीनं बोलले, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"मंग सोपं आलं का धाडतो हिला साळंत."