न सांगितलेली फळी

"बसाला आलों नाही, बाई. उभाच सांगून जातों. दोन वाजता विमान आहे. वजनाच्या काट्यावर मी नाही दिसलों तर लोकं अस्की, सगळीच्या सगळी, बोंबलतील."

अन्नपूर्णाबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. हातातलं तांदळाचं सूप तसंच राहिलं. मद्रासच्या मैलापुरातल्या त्या गल्लीत खाकी कपड्यांतला माणूस दारात येऊन मराठी बोलतो, याचाच त्यांना आधी धक्का बसला. मग चेहरा ओळखीचा वाटला आणि त्यांनी सूप खाली ठेवलं.

"विमानाकडचा ना तू? काट्यावरचा?"

"होय. जनकोजी. तंजावरचाच आहे."

तंजावरचाच म्हटल्यावर बाईंना काय आठवलं असेल, ते जनकोजीला पुरतं ठाऊक होतं.

गडी पन्नाशीला टेकलेला, मनगटं मुसळासारखी. आधी जॉर्ज टाउनात मिरचीच्या वखारीत तराजू धरायचा. लढाई संपल्यावर चोळमंडळ विमान कंपनी निघाली, तिला वजनावरचा माणूस हवा होता, तर हा मीनंबाक्कमच्या विमानतळावर जाऊन चिकटला. तेव्हाची डकोटा विमानं म्हणजे बैलगाडीच. ओझं जास्त झालं की उठायची नाहीत. म्हणून सामानासकट माणसंही काट्यावर चढवायची. जनकोजी म्हातारीकोतारी, गरवार बायका यांना चढवायचा नाही. नुसतं बघायचा आणि पौंड लिहायचा. दोन पौंडांच्या वर कधी चुकला नाही म्हणतात.

बावन्न साली कंपनीनं आपला नफा पेपरात छापला. चौथं विमान घेणार म्हणून तेही छापलं. इकडे नोकरांचा महागाई भत्ता दीड वर्ष लटकलेला. बुकिंगवरचा राममूर्ती युनियनचा सेक्रेटरी. त्याचं म्हणणं असं, की संप केला तर हाकलून देतील, पण नियमानं काम केलं तर कोण काय बिघडवील? कंपनीचंच नियमांचं बुक आहे, त्यातलं अक्षरही सोडायचं नाही. पेटत्या कापरावर हात मारून सगळ्यांनी शपथ घेतली. जनकोजीच्या वाट्याचा नियम साधा होता. माणूस आणि त्याच्या हातातली वस्तू काट्यावर चढल्याशिवाय विमानात जायची नाही.

झालं. विमानं दोन-दोन, तीन-तीन तास उशिरा सुटायला लागली. लोक कंपनीवर चिडलेले, पण कंपनी काही समोर उभी नसते. समोर जनकोजी. एका वकिलानं तर काट्यावर उभं राहूनच पेपरात पत्र लिहीन म्हणून दम दिला. लिहिलंही मेल्यानं. तमिळमध्ये जेवढ्या शिव्या आहेत तेवढ्या त्या आठवड्यात जनकोजीनं ऐकल्या आणि पाण्यात म्हशीनं पाऊस घ्यावा तशा अंगावर घेतल्या.

सहाव्या दिवशी सकाळी अन्नपूर्णाबाई आल्या. तंजावरहून तार आली होती, भाऊ जयतीर्थ शेवटच्या घटका मोजतोय. रात्रीच्या गाडीनं पोचायला दुसरा दिवस उजाडला असता. तिरुचीच्या विमानानं मात्र दुपारपर्यंत घर गाठता येत होतं. म्हणून मुलानं, चंद्रमौळीनं, तिकीट काढलं. बाई अंघोळ करून सोवळ्यात निघालेल्या. बसायच्या जागेवर पसरायला हातावर लोकरीची धाबळी, आणि काशीहून आणलेला गंगेचा लाखबंद गडू छातीशी धरलेला. भावाच्या घरचा गडू वडिलांच्या वेळी फुटून संपला होता. आता ह्यातलंच पाणी त्याच्या तोंडात घालायचं.

जनकोजीनं काट्याकडे हात केला. बाई मागे सरल्या. मद्रासमध्ये आपली माणसं एक चूक नेहमी करतात. चारचौघांत मराठी बोलली की कुणाला कळत नाही, असं धरून चालतात. बाई मुलाला म्हणाल्या, "ह्या मेल्याला लांब राहाला सांग. कातड्याच्या पेट्या हाताळतो, कुठला कोण काय की. हा शिवला तर माझं अस्की फुकट."

आठवडाभराच्या शिव्या बाहेरच राहिल्या होत्या. ही आत गेली. आई ज्या भाषेत जेवायला वाढायची त्या भाषेत होती ना.

आणि त्याच दमात त्याला फळीचं सुचलं. वखारीत मिरची तोलताना तो आधी रिकाम्या टोपलीचा धडा करायचा, तिचं वजन वेगळं काढायचा, मग माल. इथंही मागं खोक्याची एक कोरी फळी टेकून ठेवलेली होती. ती धुऊन काट्यावर ठेवायची, वर बाईंची धाबळी पसरायची, तिच्यावर बाई गडू घेऊन उभ्या. लोकरीवर सोवळं मोडत नाही. फळी आणि धाबळीचं वजन मागून वजा. नियमही राहतो, शपथही राहते. दोन मिनिटांचं काम.

जनकोजी तमिळमध्ये म्हणाला, "नियम आहे अम्मा. काट्यावर नाही तर विमानात नाही."

चंद्रमौळीनं हात जोडले, मग आवाज चढवला. बाई काट्याकडे बघत राहिल्या. ज्या लोखंडावर बूट आणि चामडी पेट्या चढतात, त्यावर गंगा कशी चढवायची? पुढची माणसं ओरडत होती. विमान एक खुर्ची रिकामी घेऊन उडालं.

बाई रात्रीच्या गाडीनं गेल्या. जयतीर्थ संध्याकाळी पाचलाच गेला होता.

आंदोलनाच्या अकराव्या दिवशी कंपनी नमली आणि अर्धा भत्ता मिळाला. राममूर्तीनं जनकोजीच्या गळ्यात हार घातला, म्हणाला, सोवळ्यातल्या म्हातारीलाही सोडलं नाहीस, शपथ पाळावी तर अशी. जनकोजीनं हार घालून घेतला. तिकडे चंद्रमौळीचं पत्र पेपरात आलं. कंपनीनं नोकरांकडे बोट केलं, युनियननं कंपनीच्या नफ्याकडे. जनकोजीचं नाव कुठंच नव्हतं. ह्याचं जेवण मात्र आटलं. बायको महालक्ष्मी शेवटी म्हणाली, पोटात काय ठेवलंय ते जिथलं तिथं ओकून या, नाही तर ताट वाढाचं बंद करतें. पत्ता तिकिटाच्या कागदावर होताच.

तर तो दारात उभा राहिला आणि त्यानं फळीचं सांगितलं. धाबळीचंही सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग हळू म्हणाल्या, "त्या दिवशी मी मुलाशी बोल्लें, ते ऐकलास काय रे?"

भाऊ गेलेल्या बाईला आणखी काय टोचायचं, असं जनकोजीला वाटलं.

"त्या गलबल्यात काय ऐकाला येतंय, बाई."

बाईंनी श्वास सोडला. पदरानं डोळे पुसले आणि सरळ त्याच्याकडे बघून विचारलं, "मग हे फळीचं तुला तेव्हाच सुचलं, की मागून?"

आला होता तो एवढ्यासाठीच. सैदापेटपासून चालत येताना शब्द घोकून घोकून जिभेवर आणून ठेवले होते. पण आता काहीच ऐकलं नव्हतं म्हटल्यावर, तेव्हा सुचूनही गप्प का बसलास याला उत्तर कुठलं देणार?

"मागून," जनकोजी म्हणाला. "घरी गेल्यावर."

"मग तुझा काय दोष? पोटाची चाकरी. माझंच नशीब." बाई आत गेल्या आणि कॉफी घेऊन आल्या. दारच्या माणसाचा तांब्याचा पेला नाही, घरातलाच पितळी टंबलर. आणि ओटीवर न ठेवता त्याच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं. बाईंनी हात मागं घेतला नाही.

कॉफी फार कढत होती. तरी जनकोजीनं ती एका दमात प्यायली. जीभ भाजली. बाई म्हणाल्या, तंजावरला कोण आहे तुझं, कधी येत जा, आपल्या भाषेचं माणूस इथं किती कमी भेटतं. तो हो म्हणाला. गल्लीच्या तोंडाशी एकदा थांबला, मागं वळला. बाई अजून दारात उभ्या होत्या आणि हात हलवत होत्या. तो परत गेला नाही.

महालक्ष्मीनं रात्री विचारलं तर काय सांगायचं, याची जुळवाजुळव तो गाडीत करत होता. जमत नव्हती.

मीनंबाक्कमला पोचला तेव्हा दोनच्या विमानाची रांग लागलेली होती. राममूर्ती घड्याळ दाखवत होता, आणि पुढचा जाड सेठ, ही कंपनी कधी सुधारायची नाही म्हणून सगळ्यांना ऐकवत होता. जनकोजीनं टोपी घातली, काट्याची पाटी फडक्यानं पुसली, पेन्सिल कानावरून काढली.

"चढा, अय्या," तो म्हणाला, आणि आकडा बघायला वाकला.